आधी भोक पाडा, मग तळ्यावर चाला

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनिआपोलिसला येऊन दोन वर्षं झाली, दोन्ही हिवाळे खिडकीतून बर्फ बघण्यात गेले. मुलगी आता आठ वर्षांची आहे. वर्गातली मुलं सुट्टीच्या दिवशी तळ्यावर असतात, तिलाही जायचंय. जानेवारीत आई-बाबा येतायत, त्यांनाही गोठलेलं तळं दाखवायचंय. पण बर्फ फुटला तर? थंडी सोसेल का? आणि फोटो काढून झाल्यावर तिथं करायचं काय?

आधी उत्तर देतो, मग कारणं. जरूर जा. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जा. सुरुवात शहरातल्या तळ्यावर स्केटिंग आणि पतंगांनी करा, मग एखाद्या पार्कात स्की, आणि सगळ्यात शेवटी उत्तरेला मिल लॅक्स या मोठ्या तळ्यावर भाड्याच्या फिश हाउसमध्ये, म्हणजे बर्फावरच्या झोपडीत बसून मासे. स्वतःची गाडी तळ्यावर घालू नका. स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटारसायकल, यंदा राहू द्या. मी इथं बरीच वर्षं बर्फावर मासे पकडतोय, नव्यानं आलेल्या आपल्या मंडळींना घेऊन जातोय. माझ्या पाहण्यात लोक घाबरतात थंडीला आणि बेफिकीर असतात बर्फाबद्दल. व्हायला हवं नेमकं उलटं. थंडीचा बंदोबस्त घरातून निघतानाच करता येतो. बर्फाचा अंदाज मात्र तिथं जाऊन, हातात हत्यार घेऊनच घ्यावा लागतो.

तेव्हा आधी बर्फ.

तळं वरून खाली गोठत जातं. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वरचं पाणी थंड होऊन खाली बसत राहतं. अख्खं तळं ४ अंशांपर्यंत उतरलं की त्यापुढे थंड होणारं पाणी हलकं होऊन वरच थांबतं, आणि तेच गोठतं. म्हणून बाहेर उणे २५ असताना तळाशी पाणी असतं आणि त्यात मासे पोहत असतात. यातून कामाची गोष्ट अशी निघते की उथळ कोपरे लवकर गोठतात आणि खोल भाग मागाहून. मोठ्या तळ्यांवर वारा पाणी ढवळत राहतो, म्हणून तीही उशिरा गोठतात. काठाजवळ सहा इंच बर्फ लागला म्हणून मध्येही सहा इंच असेल असं धरून चालता येत नाही. झरा जिथं तळातून वर येतो, ओढा जिथं येऊन मिळतो, दोन तळ्यांना जोडणारी चिंचोळी पट्टी, पुलाखालची जागा, बदकांचा थवा जिथं पाणी हलतं ठेवतो ती जागा, धक्क्याभोवती बुडबुडे सोडणारा पंप, या सगळ्या ठिकाणी ऐन जानेवारीतही बर्फ कागदासारखा पातळ असू शकतो.

मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं, म्हणजे इथल्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं डीएनआर, जाडीचे आकडे देतं. ते पाठ करा. पायी चालायला किमान ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर. स्नोमोबाइल किंवा छोट्या एटीव्हीला ५ ते ७. लहान मोटारीला ९ ते १०, मध्यम एसयूव्हीला ११ ते १२, मध्यम ट्रकला १३, आणि अवजड ट्रकला १६-१७ इंच. हे आकडे नव्या, स्वच्छ, काळसर दिसणाऱ्या पारदर्शक बर्फाचे आहेत. बर्फाचा रंग दुधी पांढरा असेल तर याच्या दुप्पट जाडी लागते असं धरायचं. दुधी बर्फ असा बनतो: वर पडलेल्या हिमाच्या वजनानं बर्फ खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं, हिमात मिसळून त्याचा रेंदा होतो आणि तो गोठतो. त्यात हवा अडकलेली असते, म्हणून त्याची ताकद निम्मी. हिमाचा थर गोधडीसारखा असतो, तो खालच्या बर्फाला बाहेरच्या थंडीपासून वेगळं पाडतो. म्हणून दोन आठवडे कडाक्याची थंडी पडली तरी बर्फ वाढला नाही, असंही होतं. उलट उघड्या, कोऱ्या बर्फावर दिवसाचं सरासरी तापमान उणे ८ असेल तर सुरुवातीला दिवसाला साधारण इंचभर भर पडते. जाडी वाढत जाईल तसा हा वेग मंदावतो.

मोजायचं कसं? छिन्नीसारखं टोक असलेली एक लांब लोखंडी पहार मिळते, इथल्या दुकानात तिला स्पड बार म्हणतात. पाऊल टाकण्याआधी पुढच्या जागी ती जोरात आपटायची. आरपार गेली किंवा पाणी वर आलं तर तिथंच थांबायचं आणि आपल्याच पावलांवरून मागं फिरायचं. पहार आरपार गेली नाही की मग गिरमिट, म्हणजे ऑगर. हातानं फिरवायचं साधं ऑगर पहिल्या वर्षाला पुरे. भोक पाडा, त्यात टेप घाला, टेपच्या टोकाचा हूक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवा आणि वाचा. डीएनआर सांगतं की दर १५० फुटांवर पुन्हा मोजा. कंटाळवाणं आहे खरं, पण अर्ध्या तासाचं काम आहे, आणि मुलांना भोक पाडायला भलतंच आवडतं.

‘इतके लोक गेलेत, म्हणजे ठीकच असणार’ हा युक्तिवाद इथं चालत नाही. २९ डिसेंबर २०२३ ला उत्तरेतल्या अप्पर रेड लेकवर बर्फाचा भला मोठा तुकडा काठापासून सुटला आणि त्याच्यावर मासे पकडत बसलेले १२२ जण पाण्यानं वेढले गेले. सगळ्यांना सुखरूप काढलं. तिथं गर्दी होती, अनुभवी माणसं होती, आणि तरीही बर्फ सुटला. तो हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सगळ्यात उबदार ठरला. तेव्हा कॅलेंडर बघून निर्णय घ्यायची सवय इथल्या जुन्या लोकांनाही सोडावी लागतेय. मोठ्या तळ्यावर जायचं असेल तर त्या काठावरच्या आमिषाच्या दुकानात किंवा रिसॉर्टला आदल्या दिवशी फोन करा. ते रोज मोजतात, आणि पोटापाण्याचा प्रश्न असल्यानं गिऱ्हाईक बुडवायची त्यांची इच्छा नसते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण उपनगरांत राहतात. नव्या वसाहतींमागं जी लहानशी देखणी तळी असतात, ती बहुतेक पावसाचं आणि रस्त्याचं पाणी साठवायला खोदलेली असतात. त्यांत पाईपांतून पाणी येत राहतं, रस्त्यावर टाकलेलं मीठही येतं, पातळी वरखाली होते. वरून सगळं घट्ट दिसतं. त्यावर कधीच जायचं नाही, जानेवारी असो की फेब्रुवारी. मुलीला हा नियम आजच सांगा, आणि बस-स्टॉपवरून घरी येताना त्यावरून जवळची वाट काढायची नाही हेही सांगा.

आता आवाजाबद्दल. तळ्यावर पहिल्यांदा गेलेला प्रत्येक माणूस संध्याकाळी दचकतो, कारण बर्फ ओरडतो. खोल कुठूनतरी गडगडाट सुरू होतो, पायाखालून सणसणत दूर जातो. तापमान उतरलं की बर्फ आकसतो, चढलं की पसरतो, आणि मैलभर लांबीच्या भेगा पडतात. जाड, निरोगी बर्फावरही हे होतं. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते परत गाडीत जाऊन बसतील. हां, भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर चढून जो उंचवटा तयार होतो, त्याला इथं प्रेशर रिज म्हणतात, त्याच्या जवळ मात्र जाऊ नये. तिथं उघडं पाणी असू शकतं. मिल लॅक्सवर रिसॉर्टवाले अशा भेगांवर चक्क हलते पूल टाकतात आणि रस्ता वापरायचे पैसे घेतात. ते पैसे देण्यासारखे असतात.

आणि पडलंच कोणी, तर? मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी आयुष्यभर थंड पाण्यातल्या माणसाचा अभ्यास केला. १-१०-१ हे सूत्र त्यांचं. पहिलं १ मिनिट श्वासावर ताबा मिळवायचा. थंड पाण्याचा धक्का बसताच माणूस धापा टाकतो, तेव्हा धडपड न करता डोकं वर ठेवायचं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात बाहेर पडायचं. आणि थंडीनं शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. ‘गोठलेल्या पाण्यात दोन मिनिटांत माणूस संपतो’ हा समज चुकीचा आहे, आणि घातकही, कारण त्यानं माणूस लवकर हार मानतो. बाहेर यायची दिशा एकच: ज्या बाजूनं आलात तीच, कारण तिथवरच्या बर्फानं तुम्हाला पेललं होतं. कोपरं बर्फावर टेकवा, पाय मागं पोहताना हलवतो तसे हलवा, शरीर आडवं करून पोटावर सरका. बाहेर आलात की उभं राहायचं नाही. लोळत काठाकडे जायचं. गळ्यात दोरीनं बांधलेल्या दोन खिळेवजा मुठी मिळतात, आइस पिक्स. एका जोडीची किंमत तुमच्या पिझ्झापेक्षा कमी असते. त्या गळ्यातच हव्यात, बॅगेत असून उपयोग नाही. अंगावर लाइफ जॅकेट, खिशात शिट्टी, एकाकडे दोरी. दुसरा कोणी पडला तर त्याच्याकडे धावत जायचं नाही. ९११ ला फोन, मग लांबून दोरी किंवा फांदी. कुत्रा पडला तरी हेच. कुत्र्यामागं गेलेले मालक बुडतात.

थंडीचं प्रकरण यामानानं सोपं आहे. सुती कपडा अंगाला लागता कामा नये. बनियन, पायमोजे, जीन्स, सगळं सुती बाद. सूत घाम पिऊन ओलं राहतं आणि मग अंगातली ऊब शोषतं. आतून लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा जाड स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट आणि स्नो पँट. हातात बोटं वेगळी असणाऱ्या ग्लोव्हजपेक्षा मिटन बरे, बोटं एकमेकांना ऊब देतात. बूट एक साइज मोठा, म्हणजे जाड मोज्याखाली बोटं हलवता येतात; घट्ट बुटात कितीही महाग मोजा घाला, पाय गारच. बुटाखाली रबराचे काटेरी पट्टे, सगळ्यांना, साठीच्या पुढच्यांना तर सक्तीनं. माझ्या मते आई-बाबांना बर्फ फुटण्यापेक्षा पार्किंगमध्ये घसरून खुबा मोडण्याचा धोका कितीतरी जास्त आहे.

हवामान बघताना तापमान सोडा, विंड चिल बघा. उणे १८ सेल्सिअसला, म्हणजे इथल्या शून्य फॅरनहाइटला, ताशी २४ किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे २८ जाणवतं आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. तळ्यावर वारा अडवायला ना झाड ना घर, त्यामुळे अंगणातला अंदाज तिथं कुचकामी ठरतो. लहान मुलाला आणि पाहुण्यांना घेऊन जाताना मी विंड चिल उणे २३ च्या खाली असेल तर बेत पुढं ढकलतो. एकमेकांचे चेहरे बघत राहायचं: नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या पाळीवर, गालावर पांढुरका ठिपका दिसला की लगेच तळहातानं झाकून ऊब द्यायची आणि आत जायचं. चोळायचं नाही, आणि बधिर बोटं हीटरसमोर धरायची नाहीत; भाजलेलं कळत नाही.

आई-बाबांपैकी कोणाला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. थंड हवेत चढण चढणं किंवा फावड्यानं बर्फ काढणं त्यांच्यासाठी नाही. इन्सुलिन असेल तर ते आतल्या खिशात, गोठलं की वाया गेलं. फोनही आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी झटकन मान टाकते. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड उघडं राहतं. खायला कोरडं आणि तुपाचं काहीतरी. या कामाला डिंकाच्या लाडवाइतकं सोयीचं मला अजून काही सापडलेलं नाही, आणि आई येताना आणणारच आहेत.

आता करायचं काय. मिनिआपोलिसमध्ये लेक ऑफ द आइल्सवर शहराचं पार्क बोर्ड हिवाळ्यात स्केटिंगचा रिंक राखतं, शेजारी ऊब घ्यायची खोली असते. बर्फाची काळजी त्यांनी घेतलेली असते, म्हणून पहिली खेप तिथं. मुलीला स्केट्स भाड्यानं घ्या, डोक्यावर हेल्मेट घाला, आणि पहिला तासभर ती पडणार हे धरून चाला. तुम्हीही घाला स्केट्स. काठावर कोट सांभाळत उभ्या राहिलेल्या पालकांना सगळ्यात जास्त थंडी वाजते. हॉकीचं वेड बघायचं असेल तर लेक नोकोमिसवर जानेवारीत पाँड हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात. उघड्या तळ्यावर, रिंकांच्या रांगा आखून, पोट सुटलेले पन्नाशीचे लोकही जीव तोडून खेळतात.

आई-बाबांसाठी माझी पहिली पसंती लेक हॅरिएटचा हिवाळी पतंग महोत्सव. जानेवारीत, संक्रांत उलटल्यावर, गोठलेल्या तळ्यावर पतंग उडतात. मांजा नाही, काटाकाटी नाही, प्रचंड मोठे कापडी पतंग असतात. बाबांना ते मिळमिळीत वाटेल. त्यांच्यासाठी एक साधा कागदी पतंग घेऊन जा. वारा मस्त असतो, आणि तार नाही की झाड नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला लेक ऑफ द आइल्सवरच संध्याकाळी बर्फाच्या पोकळ ठोकळ्यांत मेणबत्त्या लावून वाट सजवतात, ल्युमिनरी लोपेट. तिकीट आधी काढावं लागतं, संपतं. चालण्याची सवय नसेल तर किकस्लेड बघा: पुढं खुर्ची, मागं दोन लांब लोखंडी पट्ट्या. आई खुर्चीत बसतील, तुम्ही मागून पाय मारत ढकलायचं. काही ठिकाणी भाड्यानं मिळतो, आणि मला वाटतं आजी-आजोबांना तळ्याच्या मध्यापर्यंत न्यायची यापेक्षा चांगली सोय नाही.

क्रॉस-कंट्री स्कीसाठी थिओडोर वर्थ पार्क. तिथं कृत्रिम हिमही बनवतात, म्हणून कोरड्या हिवाळ्यातही काही किलोमीटरची वाट शाबूत असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथं स्कीच्या विश्वचषकाच्या शर्यती झाल्या. बर्फाचा पत्ता नसलेला हिवाळा होता, शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी नेमकं हिम पडलं, आणि जवळच्या आफ्टन गावची स्कीपटू जेसी डिगिन्स घरच्या प्रेक्षकांसमोर उतरली. शिकायचं असेल तर खाचांतून सरळ सरकायची क्लासिक पद्धत घ्या, स्केटिंगसारखी स्केट पद्धत पुढच्या वर्षी. एक तास शिकवणी लावा. नवरा-बायकोनं एकमेकांना स्की शिकवू नये. राज्याच्या वाटांवर १६ वर्षं आणि त्यावरच्यांना मिनेसोटा स्की पास लागतो, वर्थसारख्या ठिकाणी त्यांचा वेगळा. आणि स्कीच्या वाटेतल्या दोन खाचांवरून बुटांनी चालू नका, लोक चिडतात आणि बरोबर चिडतात.

स्नोमोबाइल का नको ते एका वाक्यात: ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांना त्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि वेगात असताना समोरचं उघडं पाणी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. गाडीचं कारण थोडं वेगळं आहे. गाडी चालते तेव्हा बर्फ तिच्या वजनानं किंचित वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. वेग जास्त असेल तर ती लाट काठाशी आपटून बर्फ फोडते. म्हणून इथले लोक बैलगाडीच्या वेगानं, काचा खाली करून, सीटबेल्ट सोडून चालवतात. बुडलेली गाडी बाहेर काढण्याचा खर्च मालकाचा. तुम्हाला रिसॉर्टवाले नेतील, त्यांच्या गाडीत बसा.

मिल लॅक्स मिनिआपोलिसपासून उत्तरेला गाडीनं दीड-दोन तासांवर आहे. सुमारे ५३६ चौरस किलोमीटर पसारा आणि सगळ्यात खोल जागी जेमतेम १३ मीटर पाणी. हिवाळ्यात त्यावर वस्ती उभी राहते: हिम सारून मोकळे केलेले रस्ते, पाट्या, शेकडो झोपड्या. रिसॉर्टची फिश हाउसं दोन प्रकारची. दिवसाची, ज्यात बाकडी, हीटर आणि जमिनीत भोकं असतात. आणि रात्रीची, ज्यात बंक आणि शेगडीही असते. पहिल्या वेळेला दिवसाचं घ्या, दुपारी १२ पासून अंधार पडेपर्यंत. बुकिंग करताना शौचालयाचं स्पष्ट विचारा. पुष्कळ दिवसाच्या घरांत बादली असते आणि आईंना ते चालणार नाही. दुसरं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते विचारा. असला तरी आपला बॅटरीवरचा एक घेऊन जा आणि झरोका कधीही पूर्ण बंद करू नका. बंद घर आणि गॅसचा हीटर हे इथलं खरं मरण आहे. त्या वायूला वास नसतो, डोकं जड होतं आणि माणूस झोपतो.

मासेमारीचा परवाना १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, जो गळ धरेल त्याला. पाहुण्यांना २४ तासांचा परवाना मिळतो. तुम्ही राज्याचे रहिवासी असाल तर एक चांगली सोय आहे: मार्टिन लूथर किंग दिनाला जोडून येणाऱ्या जानेवारीतल्या शनिवार-रविवार-सोमवारी १५ वर्षांपर्यंतच्या मुलाला घेऊन गेलात तर तुम्हाला परवाना लागत नाही. पाहुण्यांना ती सवलत नाही. हिवाळ्यात प्रत्येकी दोन गळ चालतात. वॉलआय जातीचे मासे किती आणि केवढे ठेवायचे याचे मिल लॅक्सचे नियम वेगळे असतात आणि बदलतात, त्याच आठवड्यात डीएनआरच्या साइटवर बघा.

या नियमांवरून दुकानात तुम्हाला कुरकुर ऐकू येईल, कधी कडवट. पार्श्वभूमी माहीत असू द्या. १८३७ च्या करारात ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी जमीन दिली पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. राज्यानं तो पुढं नाकारला, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मिल लॅक्सच्या ओजिब्वेंच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हापासून मासे दोघांत वाटून ठरतात. दुकानात ऐकलेल्या तक्रारीवर मान डोलावण्याआधी एवढं लक्षात ठेवा. काठावर या जमातीचं संग्रहालय आहे. जायच्या आधी ते हिवाळ्यात कोणत्या दिवशी उघडं असतं ते बघा, आणि वाट वाकडी करून जा.

आत बसल्यावर मुलीला दुपारी पर्च पकडू द्या. यलो पर्च दिवसा खातो, लहान असतो आणि भरपूर असतो. छोटा जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, त्याला मेणकिडा किंवा मिनो या छोट्या माशाचा तुकडा. तळापर्यंत सोडा, मग फूटभर वर घ्या. वीतभर उचला, सोडा, थांबा. मासा चढताना दोरीत नुसता जडपणा येतो, हिसका येईलच असं नाही. ध्वनिलहरींनी पाण्यातला मासा दाखवणारं यंत्र, फ्लॅशर, मिळालं तर भाड्यानं घ्या. मासा वर येताना पट्टी रंग बदलते आणि मुलांना व्हिडिओ गेमसारखं वाटतं. भोकावर दर थोड्या वेळानं बर्फाची साय धरते, ती झाऱ्यानं काढायची. हे काम बाबांना द्या. वॉलआय मात्र संधिप्रकाशातला शिकारी. त्याच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर प्रकाश परावर्तित होतो, म्हणून अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. सूर्य मावळायच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास गप्पा बंद, फोन बंद. बाकी वेळ आईंना बोलू द्या.

निघताना बर्फावर काही मागं ठेवू नका, चहाची पिशवीसुद्धा. २०२३ पासून त्यासाठी खास कायदा आहे. आणि मार्चमध्ये पुन्हा जावंसं वाटलं तर थांबा. मार्चच्या उन्हानं बर्फाचे उभे स्फटिक एकमेकांपासून सुटतात. जाडी दीड फूट भरते आणि पाऊल तरी आत जातं. फिश हाउसं त्याच सुमारास, दक्षिणेत मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत आणि उत्तरेत तिसऱ्या सोमवारपर्यंत, तळ्यावरून हलवावीच लागतात.

मासे मिळाले तर घरी आणा. पर्च आणि वॉलआय गोड्या पाण्यातले असले तरी चिखलाचा वास नाही, मांस पांढरं आणि घट्ट. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावून वीस मिनिटं, मग रव्यात घोळवून तव्यावर. सुरमईची सवय असलेल्यांनी तेल जरा जास्त घ्यावं, कारण या माशांत स्वतःची चरबी कमी. नॉर्दर्न पाइक लागला तर त्याच्या पाठीजवळ इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे असतात, ते मांसाच्या पट्टीसकट कापून काढायची पद्धत रिसॉर्टवाल्याकडून शिकून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. न काढता तळला तर मुलीच्या ताटात वाढू नका.